‘परवानगी नाकारली’: रूट, कंटेनर आणि एका नकाराचा पन्नास वर्षांचा इतिहास

१/ रात्री काम लावून झोपावे आणि सकाळी उठून पाहावे, तो फोल्डर रिकामा. पडद्यावर एकच ओळ: ‘परवानगी नाकारली’. गेल्या पावसाळ्यात हे माझ्या बाबतीत घडले. जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर ओळखून काढण्याचे काम मी एका सामायिक सर्व्हरवर, कंटेनरमध्ये चालवत होते. फोल्डर माझा, पाने माझी, कंटेनरही मीच सुरू केलेला. तरीही लिहिण्याची मुभा मला नाही! आजचा धागा या नकाराविषयी आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण मला त्याचे उत्तर सापडले ते इतिहासात.

२/ आधी दोन शब्दांची ओळख. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामान एकत्र बांधलेली शिदोरी. ती सोडली की आतल्या प्रोग्रामला वाटते, अख्खे यंत्र आपलेच आहे. ‘रूट’ म्हणजे त्या यंत्रावरचा सर्वाधिकारी; त्याला कोणतीही फाइल वाचता, बदलता, पुसता येते. सामायिक सर्व्हरवर विद्यार्थ्याला रूटचा अधिकार मिळत नाही, आणि मिळूही नये. म्हणून आम्ही वापरतो ते रूटविना चालणारे कंटेनर. नकाराचे मूळ याच शब्दांत आहे.

३/ माझी अडचण ऐकून एका मित्राने तत्काळ उपाय सांगितला: “सातशे सत्याहत्तर कर, चालेल.” म्हणजे त्या फोल्डरमध्ये कोणालाही वाचण्याची, लिहिण्याची, पुसण्याची मोकळीक द्यायची. मी तसे केले. काम चालले. त्याची किंमत मी नंतर मोजली, ती धाग्याच्या अखेरीस सांगते. तोवर मूळ प्रश्नाकडे वळू: यंत्राने ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली तरी केव्हा आणि का?

४/ १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, ही कल्पना तेव्हा नवी होती. यंत्र सामायिक झाले, तसा ‘हे माझे, ते तुझे’ हा प्रश्न उभा राहिला. त्या दशकाच्या मध्यात तिथे एक विलक्षण घोटाळा झाला. दोन व्यवस्थापक एकाच फोल्डरमध्ये एकाच वेळी काम करत होते. एक दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी. संपादन करणारा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव देई. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे पासवर्ड झळकू लागले!

५/ या घोटाळ्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. एका जागी कोण लिहितो आहे, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, इतकेच. पुढे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स ही महत्त्वाकांक्षी प्रणाली रचायला घेतली. तिच्यात परवानग्यांची सविस्तर व्यवस्था होती. पण काम लांबत गेले आणि १९६९ साली बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. तेथील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग एका लहानशा पीडीपी-७ यंत्रावर नवी, आटोपशीर प्रणाली उभी केली. तीच युनिक्स.

६/ ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख युनिक्सच्या पहिल्या हस्तपुस्तिकेवर आहे. आपल्या नकाराचा जन्मदाखला म्हणून मी ती मानते. त्या पुस्तिकेत प्रत्येक फाइलला मालक आहे. मालकाला वाचता येईल का, लिहिता येईल का. इतरांना वाचता येईल का, लिहिता येईल का. आणि फाइल चालवता येईल का, अशा मोजक्या खुणा आहेत. पुढील काही वर्षांत मालक आणि इतर यांच्यामध्ये ‘गट’ आला. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. मालक, गट आणि इतर, तिघांनाही पूर्ण सात, म्हणजे ७७७.

७/ आता महत्त्वाची गोष्ट. युनिक्सच्या दप्तरात मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. आपल्याला पडद्यावर जी नावे दिसतात, ती केवळ वाचकाच्या सोयीसाठी क्रमांकावरून शोधून लावलेली असतात. आरंभी या क्रमांकाला एकाच बाइटची जागा होती, म्हणजे जास्तीत जास्त २५६ माणसे. पुढे ती वाढत गेली, आणि २००१च्या आरंभी आलेल्या लिनक्स २.४ पासून क्रमांक ३२ बिटांचा झाला. आकडे वाढले, तत्त्व तेच राहिले: यंत्र आपल्याला ओळखते ते क्रमांकाने.

८/ या क्रमांकांत शून्याला विशेष मान. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता तोच रूट. त्याच्यापुढे सारे निर्बंध गळून पडतात. ही सोय जितकी सुटसुटीत, तितकीच धोक्याची. एका बाजूला सर्वसामान्य प्रजा, दुसऱ्या बाजूला अमर्याद सत्ता, आणि मधले काहीच नाही. पुढची पन्नास वर्षे संगणकशास्त्रज्ञ या शून्याला मर्यादा घालण्यासाठी झटत आले आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

९/ पहिली वाट डेनिस रिचींनी काढली. साध्या वापरकर्त्यालाही आपला पासवर्ड बदलावा लागतो, पण पासवर्डांची फाइल तर रूटची! रिचींनी फाइलीवर एक खूण ठेवली: ही फाइल कोणीही चालवो, चालताना अधिकार मात्र तिच्या मालकाचा. सत्ता माणसाला न देता एका ठरावीक कामाला उसनी द्यायची, अशी ही युक्ती होती. तिच्या पेटंटसाठी १९७३ साली अर्ज झाला, १९७९ साली ते मंजूर झाले आणि नंतर सर्वांसाठी खुले करण्यात आले. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटेल.

१०/ दुसरी वाट भिंतींची. १९७९च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत ‘सी-एच-रूट’ ही सोय आली. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रामला विशिष्ट फोल्डर हेच सारे जग, असे भासवता येऊ लागले. पण आत रूट असला तर त्याला या भिंती ओलांडता येत. २००० साली फ्रीबीएसडी प्रणालीत पॉल-हेनिंग कॅम्प यांची ‘जेल’ आली. त्यांनी रॉबर्ट वॉटसन यांच्यासह लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सर्वशक्तिमान रूटला कोंडणे’ असा आशय आहे. प्रश्न किती जुना आणि किती नेमका होता, हे त्या शीर्षकावरून कळते.

११/ लिनक्सने हेच काम तुकड्यातुकड्यांनी केले. २००२ साली प्रत्येक प्रक्रियेला फाइलींचे वेगळे जग दाखवण्याची सोय आली. ही कल्पना बेल लॅब्जच्याच ‘प्लॅन ९’ या प्रणालीकडून स्फुरलेली. पुढे प्रक्रियांच्या याद्या, नेटवर्क अशा एकेका गोष्टीला वेगळी दालने मिळाली. सर्वांत अवघड दालन होते ते ओळखीचे. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्स ३.८ आले, आणि एरिक बीडरमन यांनी दीर्घकाळ चालवलेले ‘यूझर नेमस्पेस’चे काम वापरण्याजोगे झाले. आता एकाच प्रक्रियेला आत एक क्रमांक आणि बाहेर दुसरा क्रमांक असू शकत होता.

१२/ त्यानंतर महिनाभराच्या आत, १५ मार्च २०१३ रोजी, पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोटेखानी भाषणात डॉकर जगापुढे ठेवले. कंटेनर घरोघरी पोहोचले ते डॉकरमुळे. पण त्याची रचना अशी, की पाठीमागे एक सेवक-प्रोग्राम सतत रूटच्या अधिकाराने चालत असे. ज्याला डॉकर वापरण्याची मुभा, त्याला सारे यंत्र कंटेनरमध्ये जोडून हवी ती फाइल बदलता येई. म्हणजे दार बंद, आणि किल्ली उंबऱ्यावर! सामायिक सर्व्हरचे व्यवस्थापक विद्यार्थ्यांना डॉकर देत नाहीत, त्यामागे हे कारण आहे.

१३/ ही भीती काल्पनिक नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रन-सी’ या कंटेनर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधील एक दोष जाहीर झाला. त्याचा फायदा घेऊन कंटेनरमधला दुष्ट प्रोग्राम बाहेरच्या यंत्रावरची ‘रन-सी’ ही फाइलच बदलून टाकू शकत होता, आणि मग यंत्र त्याचे. तीही अखेर लिहिण्याच्या परवानगीचीच कथा. आतला रूट हा बाहेरही खरा रूट होता, म्हणून त्याला ती फाइल लिहिता आली. रूटविना चालणाऱ्या कंटेनरमध्ये मात्र ती फाइल खऱ्या रूटची, आणि आतला ‘रूट’ बाहेर साधा वापरकर्ता. त्यामुळे तिथे हाच हल्ला थबकतो.

१४/ त्याच वर्षी जानेवारीत रेड हॅटने पुढे आणलेल्या पॉडमनची १.० आवृत्ती आली होती. ते पाठीमागच्या सेवकाविना आणि रूटविना चालते. डॉकरमध्येही अकिहिरो सुदा यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये रूटविना चालण्याची सोय प्रायोगिक रूपात आली आणि डिसेंबर २०२० मध्ये स्थिरावली. तत्त्व एकच. जुन्या काळी पाटलाचा शब्द गावात चाले; परगण्याच्या कचेरीत तोच पाटील हात जोडून उभा राही. रूटविना कंटेनरमधला रूट असाच गावापुरता धनी आहे.

१५/ हे घडते कसे? सोयीसाठी माझा बाहेरचा क्रमांक १००० धरू. यंत्राच्या ‘सबयूआयडी’ या फाइलीत माझ्या नावे क्रमांकांचा एक पट्टा राखून ठेवलेला असतो, समजा १,००,००० पासून पुढे ६५,५३६ क्रमांक. कंटेनर सुरू होताना जुळणी होते ती अशी: आतला ० म्हणजे बाहेरची मी, १०००. आतला १ म्हणजे बाहेरचा १,००,०००. आतला २ म्हणजे १,००,००१. ही जुळणी लिहून देणारा छोटा प्रोग्राम अनेक ठिकाणी रिचींच्या त्याच १९७१ सालच्या खुणेने चालतो. रूटपासून सुटका करून घेण्यासाठीही क्षणभर रूटचा अधिकार उसना घ्यावा लागतो!

१६/ आता माझा नकार उलगडतो. माझ्या कंटेनरमधला प्रोग्राम आत १००० क्रमांकाने चालत होता. पुष्कळ कंटेनरांत तसेच ठरवलेले असते. मी बाहेर १०००, तो आत १०००, मग अडचण काय? पण आतला १००० म्हणजे बाहेरचा १,००,९९९! माझा फोल्डर बाहेर १०००च्या मालकीचा, म्हणजे आतून पाहता रूटचा. आकडा तोच, माणूस वेगळा. यंत्राने एका अनोळखी व्यक्तीला माझ्या घरात लिहू दिले नाही. त्या रात्रीचा नकार ही चूक नव्हती. ती १९७१ पासून चालत आलेली चोख चौकशी होती.

१७/ म्हणून पहिला नियम: उपाय करण्याआधी साक्षीपुरावा गोळा करा. कंटेनरच्या आत ‘आयडी’ ही आज्ञा देऊन प्रोग्रामचा क्रमांक पाहा. फोल्डरची यादी नावांऐवजी क्रमांक दाखवणाऱ्या पर्यायासह बाहेरून एकदा आणि आतून एकदा घ्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, की एकाच फोल्डरची दोन मालक-नावे समोर येतात आणि गाठ सुटते. एकाच घटनेची दोन बखरींतली वर्णने ताडून पाहण्यासारखेच हे आहे. आणि रात्रभराचे काम लावण्याआधी आतून एक रिकामी फाइल लिहून बघा. अर्ध्या मिनिटात खरे कळते.

१८/ मग उपाय. सर्वांत सोपा: प्रोग्राम आत रूट म्हणून चालवा. ऐकायला धाडसी वाटते, पण इथे आतला रूट म्हणजे बाहेरची मीच. लिहिलेल्या फाइली थेट माझ्या मालकीच्या होतात. दुसरा: पॉडमनचा ‘कीप-आयडी’ हा पर्याय. त्याने बाहेरचा १००० आतही १०००च राहतो. ज्या प्रोग्रामला रूट म्हणून चालायचे नसते, त्याच्यासाठी हा उत्तम. मी आज हाच वापरते.

१९/ तिसरा: फोल्डरच आतल्या क्रमांकाच्या हवाली करणे. ‘पॉडमन अनशेअर’ ही आज्ञा आपल्याला त्या जुळणीच्या आत नेऊन उभे करते. तिथून ‘चाऊन’ने मालकी १०००ला दिली, की बाहेर ती १,००,९९९ची होते. डेटाबेससारख्या प्रोग्रामांना हे मानवते. मात्र मग त्या फाइली बाहेरून दुरुस्त करता येत नाहीत. त्यासाठी पुन्हा ‘अनशेअर’च्या वाटेने जावे लागते. ज्या फाइली आपल्याला बाहेरून हाताळायच्याच नाहीत, त्या पॉडमनच्या स्वतःच्या ‘व्हॉल्यूम’मध्ये ठेवणे अधिक बरे.

२०/ कधीकधी आतून पाहता मालकाच्या जागी ६५५३४ किंवा ‘नोबडी’ दिसतो. म्हणजे ‘कोणीच नाही’. बाहेरचा मालक आपल्या जुळणीत नसला, की त्याला हे नाव मिळते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या किंवा प्रकल्पाच्या सामायिक फोल्डरबाबत हे हमखास घडते. तिथे आतला रूटही हतबल असतो. मालकी बदलणे त्याच्या हाती नसते. गटामुळे आपल्याला बाहेर लिहिता येत असेल, तर तो गट आत नेण्यासाठी ‘कीप-ग्रुप्स’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. नाहीतर व्यवस्थापकाला भेटणे हाच राजमार्ग.

२१/ या ‘कोणीच नाही’ला स्वतःचा इतिहास आहे. १९८४ साली सन कंपनीने एनएफएस आणले: फाइली एका यंत्रावर, वापर दुसऱ्या यंत्रावरून. मग दुसऱ्या यंत्रावरचा रूट इथेही रूट मानायचा का? उत्तर निघाले, नाही. त्याला ‘नोबडी’ समजायचे. विद्यापीठांत घरचा फोल्डर बहुधा अशाच दूरच्या यंत्रावर असतो. त्या यंत्राला आपल्या राखीव पट्ट्याची गंधवार्ता नसते, म्हणून तिथे मालकी बदलण्याचे उपाय फसतात. कंटेनरची साठवण स्थानिक डिस्कवर ठेवावी, आणि घरच्या फोल्डरात लिहायचे ते आतल्या रूटच्या किंवा ‘कीप-आयडी’च्या वाटेने.

२२/ आणि क्रमांक जुळूनही नकार आला तर? फेडोरा किंवा रेड हॅटच्या प्रणालींवर एसई-लिनक्स पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुली केलेली ही दुसरी चौकी आहे. ती मालक विचारत नाही, फाइलीवरचे लेबल पाहते. फोल्डर जोडताना शेवटी मोठा ‘झेड’ लावला, की योग्य लेबल चढते. हा ‘झेड’ अख्ख्या घरच्या फोल्डरला कधीही लावू नये. इतर प्रोग्रामांची वाट अडते.

२३/ रूटविना वाटेलाही विरोधक होते, हे नमूद केले पाहिजे. साध्या वापरकर्त्याला स्वतःचे दालन उघडू दिले, की कर्नलचा बराच भाग त्याच्या आवाक्यात येतो आणि तिथले दोष उघडे पडतात. म्हणून डेबियनने २०२१ पर्यंत ही सोय मुळात बंद ठेवली होती. उबुंटूने अलीकडे तिच्यावर पुन्हा निर्बंध आणले. एक धोका कमी करताना दुसरा पत्करावा लागतो. दोन्ही बाजूंकडे सबळ कारणे होती.

२४/ आता माझ्या ७७७ची किंमत. काम चालले खरे, पण फाइली १,००,९९९च्या मालकीच्या झाल्या. मला त्या वाचता येत, दुरुस्त करता येत नसत. मी त्यांच्या प्रती काढल्या, त्याच खुल्या फोल्डरात ठेवल्या आणि नऊ दिवस बसून ओळखण्यातल्या चुका हाताने सुधारल्या. दहाव्या दिवशी त्याच सर्व्हरवर कोणाची तरी सफाईची स्क्रिप्ट चुकीच्या मार्गावर चालली. तिला माझ्या फोल्डरात पुसण्याची परवानगी होती. ती मीच दिली होती. सुधारलेली सारी पाने गेली.

२५/ मला त्या अनोळखी सहाध्यायाचा राग आला नाही. सीटीएसएसच्या त्या दोन व्यवस्थापकांप्रमाणे त्याचाही हेतू वाईट नव्हता. परवानग्या शत्रूसाठीच असतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्या बहुतेक वेळा आपल्याच माणसांच्या, आणि आपल्या स्वतःच्या, नजरचुकीपासून आपल्याला वाचवतात. ७७७ ही दुरुस्ती नव्हे. चौकीदाराने रास्त प्रश्न विचारला म्हणून चौकीच पाडून टाकण्याचा तो प्रकार आहे.

२६/ एप्रिल २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ आले. ख्रिश्चन ब्राउनर यांच्या कामामुळे त्यात फाइलींची मालकी डिस्कवर न बदलता, जोडतानाच जुळवून घेण्याची सोय आली. ती सर्वत्र आणि रूटविना सहज वापरता येते असे अजून नाही, पण दिशा स्पष्ट आहे. १९७१ ते २०२१, पन्नास वर्षे. प्रश्न मात्र तोच: दारात उभा आहे तो कोण?

२७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद हाती आला, की तो प्रथम विचारतो: हा कोणी लिहिला, कोणत्या अधिकाराने, आणि कोणाच्या दप्तरात? पुढच्या वेळी ‘परवानगी नाकारली’ ही ओळ दिसली, तर हेच तीन प्रश्न यंत्राला विचारा. ती नऊ दिवसांची पाने मी पुन्हा सुधारते आहे. निम्मी झाली आहेत. या वेळी फोल्डर ७०० आहे. धागा इथेच संपवते. आपले अनुभव आणि दुरुस्त्या जरूर कळवा.